सुनंदाताई खचल्या होत्या

फोन आला तेव्हा मी मंडईत होते. गवार कोवळी आहे की जून, यावर भाजीवाल्या मावशींशी माझं नेहमीचं चाललं होतं. फोन सुनंदाताईंच्या मुलीचा, गौरीचा होता. गौरी बंगळुरूला असते, ती मला एरवी कधी फोन करत नाही, त्यामुळे स्क्रीनवर नाव बघूनच हात थांबला. "मीनामावशी, आई गेली," ती म्हणाली… आणि मग तुटक तुटक सांगत गेली. सुनंदाताई सकाळी अंघोळ करून, देवापुढे दिवा लावून खुर्चीत बसल्या होत्या. स्वयंपाकाच्या बाईंनी बेल वाजवली तेव्हा त्या उठल्या नाहीत. शेजाऱ्यांकडे किल्ली होती, म्हणून दार तरी उघडता आलं. त्रास झाला नसणार, असं डॉक्टर म्हणाले. भाजीची पिशवी मावशींकडेच ठेवून मी शनिवार पेठेत सुनंदाताईंच्या घरापर्यंत चालत गेले. रिक्षा करावी हे सुचलंच नाही. रस्त्यात लोक नेहमीसारखे हॉर्न वाजवत होते, एकजण तर माझ्यावर ओरडलाही, "काकू, बघून चाला की!" आणि मला वाटलं, याला थांबवून सांगावं, की बाबा रे, आत्ता मला काही दिसत नाहीये.

नंतर एका रविवारी त्यांच्या स्नेह्यांनी छोट्याशा सभागृहात शोकसभा ठेवली. टेबलावर हार घातलेला फोटो, शेजारी उदबत्ती. बरेच जण बोलले आणि मनापासून बोलले, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य फिरून फिरून येत होतं. त्या फार कणखर होत्या, कितीही संकटं आली तरी त्या कधी खचल्या नाहीत. मी मागच्या रांगेत बसले होते आणि प्रत्येक वेळी मला संताप येत होता. कारण सुनंदाताई खचल्या होत्या. मी पाहिलंय. एकदा तर अशा खचल्या की परत उभ्या राहतील असं मलाच काय, त्यांनाही वाटत नव्हतं. 'खचल्या नाहीत' म्हटलं की त्यांनी जे सोसलं, ते सगळं पुसून टाकल्यासारखं होतं. माझी पाळी आली तेव्हा मला बोलता आलं नाही. हात जोडले आणि खाली बसले. म्हणून हे लिहिते आहे.

सुनंदाताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल लावून देण्याच्या काळापासून त्या तिथे होत्या, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना दुसऱ्यांशी जोडून देण्यात गेलेला तो आवाज शेवटपर्यंत तसाच राहिला, स्पष्ट, एकाच पट्टीतला, घाई नसलेला. निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांत यजमान गेले. त्यानंतर त्या शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जायला लागल्या. तिथे एका वॉर्डाच्या टोकाला ज्यांचं कुणी नाही अशा रुग्णांच्या खाटा असतात. रस्त्यावर पडलेले, स्टँडवर बेशुद्ध सापडलेले, पोलिसांनी आणून सोडलेले. केसपेपरवर नावाच्या जागी 'अनोळखी' लिहिलेलं असतं. डॉक्टर आणि सिस्टर उपचार करतात, पण केस विंचरायला, भरवायला, नुसतं 'कसं काय आज' म्हणायला कुणी नसतं. सुनंदाताई दर गुरुवारी त्यासाठी जायच्या. आणि जमलं तर त्या माणसांची घरं शोधायच्या.

मी मूळची अकोल्याची. यजमानांच्या नोकरीमुळे पुण्यात आले, वारज्याला घर घेतलं, तिथलीच झाले. माझे बाबा अकोल्याच्या दवाखान्यात वारले तेव्हा मी अजून गाडीत होते. पोचले तर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको म्हणाली, "शेवटचं पाणी म्या पाजलं हो बाबाले." तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढे कितीतरी महिने ते मनातून जाईना, म्हणून एका ओळखीच्या बाईंनी मला सुनंदाताईंकडे धाडलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सेवा करायला आलात का?"

"हो," मी म्हणाले.

"मग घरी जा. इथे सेवा नकोय कुणाला. नखं कापायला माणूस हवंय."

मी राहिले. त्या दिवशी मी एका आजोबांच्या पायाची नखं कापली, जी आधी कित्येक महिने कुणी कापली नव्हती. ते लगेच 'अहो'चं 'अगं' झालं नाही, पण पुढच्या गुरुवारी त्यांनी मला त्यांच्या डब्यातली अर्धी पोळी दिली, तेव्हा आपण ठेवून घेतले गेलो आहोत एवढं मला कळलं.

आबांची गोष्ट सांगितल्याशिवाय सुनंदाताई कळणार नाहीत. सत्तरीचे गृहस्थ, बसस्टँडजवळ सापडलेले. अर्धांगवायूचा झटका आलेला, उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा, 'पिंपळगाव'. महाराष्ट्रात पिंपळगावं किती आहेत हे मला तेव्हा कळलं. सुनंदाताईंनी एकेका पिंपळगावाला फोन लावायला सुरुवात केली, सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे मास्तर, जो नंबर मिळेल तो. "नमस्कार, पुण्याहून बोलतेय. आपल्या गावातलं कुणी वयस्कर माणूस घरातून गेलंय का हो?" लोक फोन ठेवून द्यायचे, कुणी शिव्या द्यायचे, कुणाला वाटायचं ही काहीतरी विकणारी बाई आहे. त्या न चिडता पुढचा नंबर फिरवायच्या. मला म्हणायच्या, "लाइन बिझी असली म्हणून ऑपरेटरनं रडायचं नसतं." आबा खाटेवरून हे सगळं ऐकत असायचे. फोन लागला की मान उचलायचे, ठेवला की खाली टाकायचे. शेवटी मराठवाड्यातल्या एका पिंपळगावच्या सरपंचांनी मोबाइलवर फोटो बघितला आणि म्हणाले, "हे तर आमचे आबा हायत की!"

मुलगा आणि त्याचा मेव्हणा जीप घेऊन आले. मुलगा सुनंदाताईंच्या पाया पडला. "लई शोधलं बाई आम्ही. देवावानी भेटलात तुम्ही." तो रडला, आणि खरं सांगते, ते रडणं खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. ताईंनी आबांना आपल्या गेलेल्या यजमानांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट घातला, इस्त्री करून आणला होता. पण निघायच्या वेळी आबांनी डाव्या हातानं खाटेची दांडी घट्ट धरली. सोडेनात. मुलगा सोडवायला लागला तर त्यांच्या घशातून कसलातरी आवाज आला. सुनंदाताई पुढे झाल्या, त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "आबा, अहो घरी चाललात. सगळे वाट बघतायत तुमची." त्या आवाजावर विश्वास न ठेवणं कुणालाच जमलं नसतं. आबांनी दांडी सोडली. जीप गेल्यावर ताईंनी वॉर्डभर पेढे वाटले, त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि एका दुपारी वॉर्डाच्या जाधव सिस्टरांचा फोन आला. मी ताईंकडेच होते. "ताई, आबा आलेत परत." सुनंदाताई हसल्या. "हो? भेटायला आले? चालता येतं का आता?" पलीकडून सिस्टर काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मला फक्त ताईंचा चेहरा दिसत होता, आणि तो उतरत गेला… आबा पुन्हा त्याच स्टँडजवळ सापडले होते. अंगावर तोच निळ्या चौकड्यांचा शर्ट होता.

आम्ही धावत गेलो. आबा शुद्धीवर होते. ताई खाटेजवळ गेल्या, "आबा," म्हणाल्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ते पुन्हा वळलं नाही. पुढचे जे काही दिवस ते होते, त्यात माझ्या हातून दोन घास खायचे, सिस्टरांच्या हातून औषध घ्यायचे, पण सुनंदाताईंची चाहूल लागली की मान भिंतीकडे. ताई रोज यायच्या. मग त्या खांबाच्या आड उभ्या राहायला लागल्या, मी भरवायचे आणि त्या तिथून बघायच्या. एकदा त्यांनी मला खुणेनं सांगितलं, उशी सरळ कर. तेवढाच त्यांचा हात आबांना लागला, तोही माझा. आबा गेले तेव्हा मुलाला कळवायला हवं म्हणून त्यांनीच फोन लावला. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज आला, हा क्रमांक अस्तित्वात नाही. सरपंचांना लावला तर ते म्हणाले, "बाई, घरातलं घरात ऱ्हातं. आमी काय बोलनार त्यात?" पोलिसांचे सोपस्कार झाल्यावर वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही दोघी होतो आणि एक हवालदार. हवालदारानं टोपी काढली, बिचारा बराच वेळ उभा राहिला. ताई रडल्या नाहीत. घरी जाताना पुलावर थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यांनी दांडी धरली होती, मीना. मी सोडवली."

त्यानंतर त्या वॉर्डात आल्या नाहीत. पहिल्या गुरुवारी वाटलं, थकल्या असतील. पण एकामागून एक गुरुवार जात राहिले. फोन उचलायच्या नाहीत. शेवटी मी घरी गेले. दार उघडलं तर मला धक्काच बसला. केस विस्कटलेले, घरात दुपारी अंधार, पडदे ओढलेले. तरी जीभ शाबूत होती.

"चहाला आलीस की सांत्वनाला? दूध संपलंय, आणि सांत्वन तर मुळातच नव्हतं."

मी बिनदुधाचा चहा केला. त्या कपाकडे बघत बसल्या. मग एकदम बोलायला लागल्या, त्या नेहमीच्या एका पट्टीतल्या आवाजात, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "त्यांना बोलता येत नव्हतं, पण सांगत होते ते. हातानं सांगत होते. मी आयुष्यभर लोकांचं बोलणं ऐकलं, एवढं साधं मला ऐकू आलं नाही? आणि वर पेढे वाटले. पेढे, मीना!… मला आता झोपेत दांडी दिसते. मी उठून बसते. मला वाटतं, ज्यांना ज्यांना मी घरी पोचवलं, ते सगळे कुठे असतील? मी शोधायलाही घाबरते." मी काहीतरी बोलले, तुमचा हेतू चांगला होता वगैरे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्धवट सोडलं. "हेतू माझा होता," त्या म्हणाल्या, "भोगलं त्यांनी." गौरी त्यांना बंगळुरूला घेऊन गेली. तिथून परत आल्या त्या आणखी वाळून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या निमूट घेत होत्या. मला मनातून पटलं होतं की हे माणूस संपलं.

त्या परत कशा आल्या हे मला पुष्कळ नंतर कळलं. शोकसभेत कुणाला ते माहीत नव्हतं. कुणी प्रेरणा दिली नाही, काही साक्षात्कार झाला नाही. एका गुरुवारी त्या घरातून निघाल्या आणि पुलापर्यंत जाऊन परत फिरल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा पुलापर्यंत. असं किती वेळा झालं कोण जाणे. मग एकदा रुग्णालयाच्या फाटकापर्यंत पोचल्या, फाटकाबाहेर उसाचा रस प्यायल्या आणि घरी आल्या. मग जिन्याच्या पायथ्यापर्यंत. एकदा वॉर्डाच्या दारात उभ्या राहिल्या, आबांच्या खाटेवर दुसरं कुणीतरी झोपलेलं दिसलं, आणि जिना उतरून आल्या तर रस्त्यावरच उलटी झाली. "मग पुढच्या आठवड्यात परत पुलापर्यंतच," त्यांनी मला सांगितलं. "मागं गेले की. माणूस काय जिना आहे, एकेक पायरी वरच जाईल?" हे सांगताना त्या हसत होत्या, पण मला ते दृश्य दिसत होतं. एक साठी उलटलेली बाई दर गुरुवारी धुतलेली साडी नेसून निघते आणि कुठेही न पोचता परत येते, आणि घरी वाट बघणारंही कुणी नाही.

ज्या गुरुवारी त्या खरंच आत आल्या, तेव्हा मी एका आजींना पेज भरवत होते. मागून आवाज आला, "सांडतेयस." मी वळले नाही. वळले असते तर रडले असते, आणि ते त्यांना चाललं नसतं.

पण परत आल्या त्या पहिल्यासारख्या नव्हत्या. पेढे कायमचे बंद झाले. घर सापडलं तरी आधी त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन लावायच्या, जमलं तर एसटीनं स्वतः जाऊन यायच्या, घरात म्हाताऱ्या माणसाची जागा कुठली ते डोळ्यांनी बघायच्या. कुणाला पाठवलंच तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा फोन. आणि एक गोष्ट त्यांनी ठरवून टाकली होती, रुग्णाला गोड खोटं सांगायचं नाही. मला ते फार कठोर वाटायचं. एक गृहस्थ होते, पाय तुटलेला, मुलाचा नंबर तोंडपाठ. ताईंनी फोन लावला. मुलगा म्हणाला, आमचा संबंध नाही. मी डोळ्यांनी विनवत होते की नका सांगू. त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, मुलाशी बोलले. तो येणार नाही म्हणतो." काकांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी आपला दाराकडे बघत पडलो असतो." ताई तिथून उठल्या नाहीत. भेटीची वेळ संपेपर्यंत बसल्या. नंतर बाहेर येऊन जिन्यात कठड्याला दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी उतरल्या. त्यांना कणखर म्हणणाऱ्यांनी ते उतरणं पाहिलं नव्हतं.

मध्ये एक वर्ष तर आम्हाला आतच जाऊ दिलं नाही. कुठल्यातरी उत्साही मंडळींनी वॉर्डात येऊन एका रुग्णाचा व्हिडिओ काढला, उघड्या अंगाचा, आणि सगळीकडे पसरवला. अधिकाऱ्यांनी सगळ्याच स्वयंसेवकांना बंदी केली. चूक म्हणावी तर तीही नाही. ताई भेटायला गेल्या तर साहेब म्हणाले, "काकू, आता नियम म्हणजे नियम." त्या म्हणाल्या, "नियम उत्तम आहे. शिक्षा तेवढी चुकीच्या पत्त्यावर गेली." आमच्यातले बरेच जण त्या वर्षात गळाले. कुणाला नातवंडं झाली, कुणाला गुडघे. आम्ही दोघी खाली बाह्यरुग्ण विभागात बसायचो, एक्स-रे कुठे, रक्त कुठे तपासतात, एवढं लोकांना दाखवायचो. वर जिन्याच्या त्या टोकाला आमची ओळखीची माणसं होती आणि त्यांना आम्ही का येत नाही हे माहीत नव्हतं. परवानगी परत मिळाली तेव्हा वर जाऊन पाहिलं, तर एकही ओळखीचा चेहरा उरला नव्हता. पाय तुटलेले काकाही नव्हते. गेले, एवढंच सिस्टर म्हणाल्या. त्या दिवशी ताईंनी वॉर्डातल्या प्रत्येकाचं डोकं विंचरलं. एकाला तर टक्कल होतं. त्याच्याही डोक्यावरून कंगवा फिरवला, तो खुदकन हसला, आणि मग त्याही हसल्या… डोळे पुसत.

माझाही दिवस आला. कारण सांगण्यासारखं मोठं नव्हतं. एका तरुण मुलीला मी आठवडाभर रोज जाऊन भरवत होते, ती गेली, खाटेवरची चादर बदलली आणि तासाभरात तिथे दुसरं कुणी आलं. मी जिन्यात बसले ती मला उठताच येईना. ताई शेजारी येऊन बसल्या.

"ताई, याचा काय उपयोग आहे?"

"उपयोग?" त्या म्हणाल्या. "उपयोगाचं काही करायचं असतं तर मी शिवणाचे क्लास घेतले असते." मग वेगळ्याच आवाजात, "मला माहीत नाही गं. खरंच माहीत नाही. मला वाटायचं, सोसून सोसून माणूस टणक होत असेल. नाही होत. दरवेळी तेवढंच लागतं. फक्त एक कळायला लागतं, की हे असं लागणार आहे आणि आपण त्यानं मरणार नाही. मेल्यासारखं वाटेल, पण मरणार नाही. तेवढ्यावर पुढचा गुरुवार निघतो." आणि लगेच पदर झटकून उठल्या. "चल, जेवायला चल. रिकाम्या पोटी विचार केला की सगळेच संत होतात. आणि पुढचे दोन गुरुवार तू यायचं नाहीस. वारज्याच्या बाहेर पाऊल टाकलंस तर बघ." मी दोन गुरुवार घरी राहिले, मुलीबरोबर सिनेमा पाहिला, कपाटं आवरली. तिसऱ्या गुरुवारी गेले. नाहीतर मी कधीच परतले नसते.

गेल्या वर्षी वॉर्डात एक बाई आली. साठ-पासष्टची, बांगड्या भरलेल्या, कपाळावर मोठं गोंदण. एका मंदिराच्या पायरीवर बसलेली पोलिसांना सापडली. अंगाला इजा नाही, पण आठवण गेलेली. नाव आठवत नाही, गाव आठवत नाही, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. सगळे तिला बाईच म्हणतात. आश्चर्य म्हणजे एवढ्या विस्मरणात तिनं एक माणूस धरून ठेवलं, ते म्हणजे सुनंदाताई. त्यांना ती अक्का म्हणायची. त्या दारात दिसल्या की हाक, "आली गं बाई माझी अक्का!" तिला राहायला जागा मिळावी म्हणून ताईंनी एकेक निवारागृह पालथं घातलं. कुठे जागा नाही, कुठे आधारकार्ड हवं, कुठे विस्मरणाचे रुग्ण घेत नाहीत. प्रत्येक नकारानंतर त्या येऊन तिलाही सांगायच्या, "बाई, तिथेही नाही जमलं." बाई म्हणायची, "ऱ्हाऊ दे. तू दमलीस." आणि थोड्या वेळात ते विसरूनही जायची. ताई मला म्हणाल्या, "मी मेल्यावर हिचं काय होईल, या एका विचारानं मला धाप लागते." मी त्यांना वेड्यात काढलं. शेवटच्या भेटीत त्या खरंच दमलेल्या दिसत होत्या, जिन्यात दोनदा थांबल्या. निघताना बाईच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "येते गं गुरुवारी."

आबांनंतर त्यांनी सांगितलेलं ते एकच खरं झालं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी मी एकटी गेले. कशी गेले ते आठवत नाही. बाईनं माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "अक्का कुठंय?" मी खाटेवर बसले आणि सांगितलं. तिनं पदराचा बोळा तोंडावर दाबला. हमसून हमसून रडली. "कवा? कशानं? काही खाल्लं होतं का तिनं?" मी एकेक उत्तर देत गेले. निघाले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. पुढच्या गुरुवारी वॉर्डात शिरले तर ती हसली, आणि माझ्या मागे दाराकडे पाहून म्हणाली, "अक्का न्हाई आली?"

मला वाटलं, इथूनच मागे फिरावं.

पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच पदर, तेच प्रश्न. जाधव सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, कशाला दरवेळी त्या बाईला रडवताय आणि स्वतःला पण? येतील म्हणा ना. तिला कुठे लक्षात राहतंय?" त्या प्रेमानंच म्हणाल्या. मधल्या एका दिवशी बाईनं त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी तसं सांगितलंही, येतील संध्याकाळी. मग बाई संध्याकाळपर्यंत दाराकडे तोंड करून बसली. जेवली नाही. ताटातलं केळं अक्कासाठी उशीखाली ठेवलं. कशाची वाट बघतोय हे विसरली, पण वाट बघणं तिला विसरता आलं नाही. सिस्टरांनीच मला हे सांगितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगता तेच बरं."

तेव्हापासून मी दर गुरुवारी सांगते. लोकांना वाटतं काळ जातो तसं दुःख बोथट होतं. गौरी पुन्हा नोकरीवर रुजू झाली, शेजारी त्यांच्या बंद दाराला सरावले, मीही घरात हसते-बोलते. पण या गावात एक खाट अशी आहे, जिथे सुनंदाताई दर गुरुवारी नुकत्याच गेलेल्या असतात, आणि ती बातमी घेऊन मला जिना चढायचा असतो. निवारागृहांना मी फोन करते. माझा आवाज त्यांच्यासारखा नाही, लोक लवकर ठेवून देतात. काही जमेल असं मला वाटत नाही. कित्येकदा बस वारज्याहून निघाली की वाटतं, पुढच्या थांब्यावर उतरावं.

परवाच्या गुरुवारी बाईनं विचारलं, मी सांगितलं, ती रडली. मग पदर खाली घेऊन तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, जणू पहिल्यांदाच, आणि एक नवीनच प्रश्न विचारला. "तुझी कोन लागत होती गं ती?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. शोकसभेतही सगळे गौरीलाच भेटत होते, ते बरोबरच होतं. मी सांगायला गेले. बहीण म्हणावं तर तसं नाही, मैत्रीण म्हणावं तर त्यांना मी कधी 'अगं' म्हटलं नव्हतं. तोंडातून निघालं, "कुणी नाही." आणि त्यानंतर मला आवरेना. वॉर्डात, सगळ्यांच्या देखत, इतक्या आठवड्यांचं सगळं बाहेर आलं.

"कुनी न्हाई, तर एवढी रडतीस का?" बाई म्हणाली. मग ती भिंतीकडे सरकली, चादर हातानं सारखी केली आणि तिच्या खाटेवर मला जागा करून दिली. मी तिच्या शेजारी पाय वर घेऊन बसले, तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं आपण कशासाठी रडत होतो हे ती विसरली. माझ्या पाठीवरचा हात मात्र तिनं काढला नाही.